बंद मशीनची ओ

१

आमच्या धंद्यात मशीनला हाक मारतात. शिकलेली माणसं त्याला पिंग म्हणतात. दादा हाक म्हणायचा, म्हणून मीही हाकच म्हणतो. काळ्या पडद्यावर त्या मशीनचा पत्ता टाकायचा आणि एंटर मारायचं. मशीन चालू असलं, वायर धड असली, की पलीकडून ओ येते. ओ यायला किती वेळ लागला तेही शेजारी उमटतं, सेकंदाचे हजार तुकडे करून मोजलेलं. जवळचं मशीन चटकन ओ देतं, लांबचं उशिरा. बंद मशीन ओ देत नाही. बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर आमचं घर चालायचं.

कामाची वाटणी अशी होती की डोकं दादाचं आणि हातपाय माझे. मी छताच्या वरच्या पोकळीत पोटावर सरपटत वायर ओढायचो, टोकं बसवायचो. तो खाली स्टुलावर बसून कीबोर्ड बडवायचा. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. दादा म्हणायचा, "बारक्या, वाचायचा कंटाळा येतो ना, मग चित्र म्हणून पाठ कर." तशा मी कमांड चित्रासारख्या पाठ केल्या. मशीनच्या नेटवर्क कार्डाला पत्ता कसा द्यायचा, कार्ड उठवायचं कसं, झोपवायचं कसं, रस्ता कसा टाकायचा, कसा काढायचा. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून प्रत्येक यादी मी दोनदा काढतो. एकदा बघायला, एकदा खात्री करायला. दादा हसायचा. "पडदा काय पहिल्यांदा लाजतो का रे तुझ्यासमोर?"

त्याची स्वतःची एक पद्धत होती. लांबच्या मशीनवरचा रस्ता बदलायचा असला की तो आधी 'दोर' बांधायचा. म्हणजे मशीनला सांगून ठेवायचं की थोड्या वेळात मी 'आहे' म्हणालो नाही, तर सगळं होतं तसं करून टाक. कारण ज्या रस्त्याने तुम्ही तिथवर पोचलात तोच चुकून काढला, तर तुम्ही बाहेर आणि मशीन आत. मग बसा बोंबलत. विहिरीत उतरणारा कमरेला बांधतो तसा तो दोर. मी कधी बांधला नाही. मला गरजच पडली नव्हती. मी कीबोर्डला हात लावायचो तेव्हा दादा मागे उभा असायचा.

टॉवरवर चढताना त्याने कमरेला खराखुरा दोर बांधला होता. दोर शाबूत राहिला. ज्या लोखंडाला बांधला होता ते गंजलेलं होतं. मी खाली उभा राहून त्याला ओरडून सांगत होतो, अँटेना अजून थोडी डावीकडे.

पुढचं लिहीत नाही.

२

औषधांच्या गोदामाचं काम दादाकडेच होतं. तिथल्या मॅनेजरने बोलावलं तेव्हा घरात अजून माणसं भेटायला येत होती.

"तुझ्या दादाचं काम आता तू करणार, की मी दुसरा माणूस बघू?" त्याने विचारलं.

"मीच करतो."

"जमतं का तुला?"

"जमतं की." तोंडातून निघून गेलं. माझं असंच आहे, तोंड पुढे आणि डोकं मागून.

मशीनची खोली जिन्याखाली आहे. इतकी अरुंद की दार उघडून आधी आत शिरायचं आणि मग दार लावून वळायचं. एसीचा घरघराट, पंख्यांची शिट्टी, आणि भिंतीवर स्विच नावाची लांबट पेटी. तिच्यात वायरींच्या दोन ओळी आणि प्रत्येक वायरीवर हिरवा दिवा. जिन्यावरून कोणी गेलं की डोक्यावर पावलं वाजतात.

काम सोपं होतं. इंटरनेटची नवी लाइन आली होती, ती जोडायची. मुख्य मशीनला तीन कार्डं. पहिलं गोदामाच्या आतल्या वायरींचं. दुसरं टॉवरवरच्या अँटेनाचं. तिथून आमच्या घराच्या गच्चीवरची अँटेना समोरासमोर दिसते. दादाने ती जोडी घरी बसून गोदामाचं काम करता यावं म्हणून लावली होती. ते दुसरं कार्ड मी त्या दिवसानंतर झोपवून टाकलं होतं. तिसरं रिकामं होतं, त्यात नवी लाइन घातली.

कार्डाला पत्ता दिला. उठवलं. जुना मोठा रस्ता काढला, नवा टाकला. मोठा रस्ता म्हणजे ज्या पत्त्याचं काय करायचं ते मशीनला कळत नाही, ते सगळं जिथून बाहेर सोडतात तो. बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारली, ओ आली. मला इतका आनंद झाला की मी मागे वळलो. मागे दार होतं.

मग शेजाऱ्यांची यादी काढली. मशीन ती आपसूक ठेवतं, म्हणजे आसपास कोण कोण आहे, कोणाचा पत्ता काय, कोण जिवंत आणि कोण गेलेलं. आम्ही मशीनना त्यांच्या पत्त्यातल्या शेवटच्या आकड्याने ओळखतो. थंड खोल्यांतले तापमापक होते, प्रिंटर होता, मॅनेजरचा कॉम्प्युटर होता. आणि एकतीस होता. जिवंत.

यादी पुन्हा काढली. एकतीस. जिवंत.

एकतीस म्हणजे दादाचा लॅपटॉप. तो टॉवरवर त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता. त्याच्याबरोबरच खाली आला. मी स्वतः तो उचलला होता, त्याचा पत्रा दुमडला होता आणि पडदा चुरा झाला होता.

मी एकतीसला हाक मारली. ओ आली. पण किती उशिरा! गोदामातलं मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर देतं. ही ओ जगाच्या दुसऱ्या टोकाहून यावी तशी आली. तीन आकडी. आणि थांबत थांबत.

मी म्हटलं, दुसऱ्या कोणीतरी हा आकडा घेतला असणार. होतं असं. कोणी नवा फोन आणतो, कोणी आगाऊपणा करतो. शोधायला सोपं आहे. हाक चालू ठेवायची आणि स्विचमधल्या वायरी एकेक करून उपटायच्या. ज्या वायरीला ओ थांबेल तिच्या टोकाला चोर. पहिली उपटली, ओ चालू. दुसरी, चालू. मग मी घाई केली आणि मूठमूठ उपटत सुटलो.

"अरे ए!" मॅनेजर जिन्यावरून धडधडत खाली आला. "थंड खोल्यांचा अलार्म वाजायला लागला! वरच्या साहेबांना तोंड मला दाखवायचंय, तुला नाही!"

"एक मिनिट साहेब, एक चोर पकडतोय."

"चोर? इथे? दार लावलं तर आपल्या दोघांना श्वास घेता येत नाही आणि चोर कुठून आला?"

तोवर सगळ्या वायरी माझ्या पायाशी पडल्या होत्या. स्विचमध्ये फक्त मुख्य मशीनची एकच वायर उरली होती. म्हणजे मशीन आणि रिकामी पेटी. पडद्यावर ओ येतच होती.

आणि पेटीवर, खालच्या ओळीत, एका रिकाम्या भोकावरचा दिवा लुकलुकत होता. ओ आली की एकदा. ओ आली की एकदा.

"हा दिवा बिघडलाय का?" मॅनेजरने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "जुना झालाय."

३

घरी गेलो तो थेट लोखंडी कपाटाकडे. लॅपटॉप होता तिथेच, जुन्या चादरीत गुंडाळलेला. बॅटरी मीच काढून ठेवली होती. यादीत पत्त्याशेजारी कार्डाचा नंबरही येतो, त्याचा फोटो मी गोदामातच काढून घेतला होता; लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला नंबर त्याच्याशी ताडून बघितला. अक्षर न् अक्षर तेच. असा नंबर जगात दुसऱ्या कार्डाला नसतो म्हणे. मी लॅपटॉप कानाला लावला. का लावला ते विचारू नका. आतून एक सुटा स्क्रू खुळखुळला, बाकी काही नाही.

"भाऊजी, काय झालं?" वहिनी दारात उभ्या होत्या.

"काही नाही वहिनी. एक नंबर बघायचा होता."

"आई सकाळपासून वर आहेत. कालही ताट तसंच परत आलं. तुम्ही तरी दोन घास भरवा. माझं ऐकत नाहीत."

दादा गेल्यापासून आई त्याच्या वरच्या खोलीतून हलत नव्हती. खोलीत त्याचा पलंग, त्याचं टेबल, टेबलावर गच्चीवरच्या अँटेनाला जोडलेलं छोटं मशीन आणि पडदा. खिडकीतून गोदामाचा टॉवर दिसतो. तो दिसू नये म्हणून मी खिडकीला कापडी पडदा लावला होता. आईने तो काढून घडी करून उशीखाली ठेवला होता.

"आई, थोडं खा ना."

"तो आल्यावर खाईन."

"आई."

"तू गेला होतास ना आज तिकडे? भेटला?"

खरं तर तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचे हात मांडीवर असे पडले होते, जसं कोणी ते तिथे विसरून गेलंय. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. दादा तर गेलाच होता. आता ही माझ्या डोळ्यांसमोर चालली होती, आणि मला थांबवता येत नव्हतं.

"अजून नाही," मी म्हटलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडताच जिन्याखाली शिरलो. मनात एकच होतं. यादीत एकतीस नसू दे. असूही दे.

होता. हाक मारली. ओ आली ती दोन आकडी.

अंतर कमी झालं होतं. मी बसून राहिलो आणि बघत राहिलो. आकडा उतरत होता. कधी थोडा चढायचा, चालणारा माणूस दमून थांबतो तसा, आणि पुन्हा उतरायचा. कुठून का असेना, काहीतरी येत होतं. आणि येऊन या खोलीत पोचणार होतं, कारण इथून पुढे रस्ता नव्हता. पुढचा रस्ता टॉवरवरून घराकडे जायचा, तो मी झोपवला होता.

एक मन म्हणत होतं, मूर्खा, स्विच बिघडलाय, जुन्या आठवणी ओकतोय. मशीनचंही डोकं फिरतं. दुसरा स्विच आण, लाव, घरी जा. दुसरं मन काही म्हणतच नव्हतं. ते फक्त बघत होतं की दादा चालत येतोय आणि माझ्यामुळे त्याच्यासमोर भिंत आहे.

मी दुसरं कार्ड उठवलं. घराकडचा रस्ता टाकला. एकतीसला म्हटलं, जा. म्हणजे तसं म्हणायची कमांड असते, या पत्त्यावरून येईल ते त्या कार्डातून पुढे सोड. दोर बांधला नाही. दोर बांधायचा तो परत यायला. दादाने परत जावं असं मला वाटत नव्हतं.

"जा घरी," मी तोंडानेही म्हटलं. "आई जेवत नाही."

डोक्यावर जिना वाजला. कोणीतरी वर जात होतं, सावकाश. पायऱ्या संपल्या तरी पावलं चढतच राहिली, जिथे पायऱ्या नाहीत तिथे, थोडा वेळ. मग टॉवरच्या दिशेने वारा सुटल्यासारखं झालं आणि स्विचवरचा तो रिकामा दिवा विझला. हाकेला ओ येईना. यादीत एकतीसपुढे लिहून आलं, गेला. दुसऱ्यांदा काढली तेव्हा एकतीस यादीतच नव्हता.

मी मॅनेजरच्या टेबलावर किल्ली ठेवली तेव्हा तो म्हणाला, "रडलास का रे?"

"एसीचं पाणी गळतं तिथे."

"डोळ्यात?" त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "बस. पी. तुझा भाऊ पण असंच काहीतरी सांगायचा, काम अडलं की."

फोन वाजला. वहिनी होत्या. हळू बोलत होत्या, तोंडावर हात धरून बोलावं तसं.

"भाऊजी, आई जेवल्या. सगळं ताट संपवलं. आणखी मागितलं."

"बघा! आता खाईल ती."

"तुम्ही कधी येता?"

"निघतोच आहे. का?"

"लवकर या," वहिनी म्हणाल्या. "मी अंगणात बसलेय."

५

भर दुपार होती. वहिनी उन्हात पायरीवर बसल्या होत्या, चप्पल घालून, मांडीवर पर्स घेऊन. जणू बस सुटणार आहे. माजघराचं दार सताड उघडं होतं. वरून आईचा आवाज येत होता. ती हसत होती. मला तो आवाज ओळखायला वेळ लागला, इतक्या दिवसांनी ऐकत होतो.

"वहिनी, दादा आलाय," मी म्हटलं. मला दम लागला होता. "तुम्हाला वाटेल याचं डोकं फिरलं. पण तो आलाय. मी रस्ता उघडला."

"काहीतरी आलंय," वहिनी म्हणाल्या. "पण हे नाहीत ते."

"असं कसं म्हणता? आई..."

"भाऊजी, आधी ऐका. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या मागून कोणीतरी आत आलं. पाऊल वाजलं नाही, नुसती फळीवरची भांडी एकेक करून हलली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते न्हाणीघरात गेलं. तिथला नळ, बादली, सगळं वाजलं. मग माजघर. मग जिन्याखालची कोठी. प्रत्येक दार, प्रत्येक फळी. मग जिना." त्यांनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "ते खोली शोधत होतं भाऊजी. यांना स्वतःची खोली शोधावी लागली असती का?"

रस्ता माहीत नसलेलं मशीन काय करतं ते मला ठाऊक आहे. एका टोकापासून सुरुवात करतं आणि प्रत्येक दाराला विचारत जातं.

"आणि वर गेल्यावर," वहिनी म्हणाल्या, "आईंनी विचारलं, आलास का. त्यावर कोणी काही बोललं नाही. पण आई बोलतच राहिल्या. मधे थांबतात, ऐकतात आणि पुन्हा बोलतात."

"मी बघतो."

"बघू नका. तोडा. जे उघडलंत ते तोडा. माझ्या नवऱ्याची मला आठवण येत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी एवढं सांगतेय तर काही असेल ना?"

६

आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. गालांवर रंग आला होता. शेजारी गादी खचलेली होती, कोणी बसल्यावर खचते तशी. चादरीच्या सुरकुत्या त्या खळग्याकडे ओढल्या गेल्या होत्या.

"बारक्या, ये," आई म्हणाली. "उन्हातून आलास. चेहरा बघ कसा झालाय."

"काम आहे जरा, आई."

"याला पण तेच. आल्यापासून कामच करतोय."

तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. कीबोर्डवर कोणी नव्हतं, बटणंही हलत नव्हती, पण अक्षर येत होतं, थांबत होतं, पुढचं येत होतं. नाव दादाचं होतं, दादाच्या नावाने आत आलेलं. शेजाऱ्यांची यादी काढली गेली. घरात काय काय आहे त्याची. वहिनींचा फोन. माझा फोन. छोटं मशीन.

मग पुन्हा तीच यादी काढली गेली.

दादा यादी कधी दोनदा काढायचा नाही. आयुष्यात नाही. ज्याने दादाला कीबोर्डवर बघितलं असेल त्याला ते ठाऊक असणार. हे ज्याने काढलं त्याने दादाला बघितलंच नव्हतं. त्याने हे दोन दिवस जिन्याखाली, त्या पेटीपलीकडून, मला बघितलं होतं.

पडद्यावर पुढची ओळ आली. वहिनींच्या फोनला हाक. फोनने ओ दिली. मग माझ्या फोनला हाक. तो माझ्या खिशात होता. तो गप्प होता, कंप नाही, आवाज नाही, पण पडद्यावर दिसत होतं की त्याने ओ दिलीय. माझ्या वतीने.

मी विचार केला नाही. खुर्ची ओढून कीबोर्डवर पडलो. टॉवरकडच्या कार्डाचा रस्ता काढला. कार्ड झोपवलं. एवढ्याने भागेना, म्हणून कमरेचं कटर घेतलं आणि गच्चीवर धावलो. अँटेनाची वायर भिंतीवरून उतरते, जिथे दादाने स्वतःच्या हाताने खिळे मारलेत. मी ती दोन ठिकाणी कापली. मधला तुकडा पडवीच्या कौलांवरून घरंगळत खाली गेला. समोर टॉवर उभा होता, लांब, उन्हात, रिकामा. मी त्याला एक शिवी दिली.

मग हलकं वाटलं. गच्चीवर ऊन होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत जात होतं. तुटलं. झालं. आता जे काही होतं ते पलीकडे आणि आम्ही अलीकडे.

खाली आलो. पडदा शांत होता. खात्री करायला म्हणून एकतीसला हाक मारली. आता 'रस्ता नाही' असंच यायला हवं होतं.

ओ आली.

आकडा बघितला तर शून्याच्या पुढे टिंब आणि मग पुन्हा शून्य. एवढी जवळची ओ फक्त स्वतःच्या हाकेला येते.

मशीनला विचारलं, एकतीसकडे जायचं तर कुठून जाशील. आम्ही हे विचारतो तेव्हा मशीन कार्डाचं नाव सांगतं, या कार्डातून किंवा त्या कार्डातून. यावेळी त्याने कुठल्याच कार्डाचं नाव घेतलं नाही. म्हणालं, कुठे जायची गरज नाही. पत्ता इथलाच आहे.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, उशिरा, नेहमीसारखा. ते पोचल्यावर मी रस्ता तोडला होता. ते आता पलीकडे नव्हतं, अलीकडे होतं. आमच्यात आणि त्याच्यात काही नव्हतं. त्याला बाहेर जायला जो एक रस्ता होता तो मी आत्ताच कटरने कापून आलो होतो.

जोडता आलं असतं. नवं टोक खिशात होतं, पक्कड कमरेला होती. वायर सोलायची, तारा रंगाने लावायच्या, दाबायचं. मी हे डोळे मिटून करतो. गच्चीवर जाऊन वायर जोडायची, रस्ता पुन्हा टाकायचा आणि म्हणायचं, जा. जिथून आलास तिथे जा.

मी उठलो.

"कुठे चाललास पुन्हा?" आई म्हणाली. "आत्ता तर आलास."

"आई, वरती जरा..."

"बस रे. किती दिवसांनी सगळे घरात आहोत." तिने ताटातला शेवटचा घास उचलून तोंडात घातला आणि बोटं चाटली, लहान मुलासारखी. असं तिला खाताना मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. मग ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून लाडाने म्हणाली, "सरक जरा. बारक्याला बसू दे."

गादीवरचा खळगा हलला. सुरकुत्या सुटल्या, चादर क्षणभर सपाट झाली आणि हातभर पलीकडे पुन्हा खचली. तिच्या बाजूला जागा झाली.

मी दाराकडे बघितलं. गच्चीचा जिना दारातूनच दिसतो, त्याच्यावर ऊन पडलं होतं. आईने चादरीवर थोपटलं.

मी बसलो. मला दुसरं काही करता आलं नाही. आईचा हात माझ्या पाठीवर आला. ऊबदार हात, पोट भरलेल्या माणसाचा. माझ्या दुसऱ्या बाजूला काहीतरी बसलेलं होतं आणि ते माझ्याइतकंच जड होतं. मी समोर बघत राहिलो. मान वळवली असती तर दिसलं असतं असं मला वाटतं. डोळ्याच्या कोपऱ्यात एक गुडघा होता, माझ्याच पँटसारखी पँट, त्यावर धूळ.

खालून, अंगणातून, वहिनींचा आवाज आला. "भाऊजी! झालं का? तोडलंत का?"

"हो वहिनी," माझा आवाज म्हणाला. "तोडलं."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

पाठीवरचा हात उचलला गेला. आई कौतुकाने हसली आणि मान वळवून बघत राहिली. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे.